कोअर शॉपमधल्या बायकांची डोकी रोज संध्याकाळी का दुखतात? सीओ (कार्बन मोनॉक्साइड) मीटर कुठला घ्यावा, कुठं लावावा?

शिरोलीचा_फौंड्रीवाला

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फौंड्री आहे. मी सुपरवायझर, मालक नव्हे. पण मालकानं "तूच बघ काय ते" म्हणून माझ्या गळ्यात घातलंय. क्युपोला (लोखंड वितळवायची कोकची उभी भट्टी) एक, हीट (भट्टी लावून ओतकाम) एक दिवसाआड. पंप बॉडी, ब्रॅकेट असला माल. कोअर (मालात पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचे वाळूचे ठोकळे) अजून तेल-वाळूच्याच करतो आणि कोकवर (भाजलेल्या दगडी कोळशावर) चालणाऱ्या जुन्या ओव्हनमधे भाजतो. ओव्हन शेडला लागून काढलेल्या पडवीत आहे, चिमणी पत्र्यातून वर काढलीय. त्याच्या पुढ्यातच टेबलं टाकून चार बायका कोअर भरत बसतात.

थंडी सुरू झाली तशी वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री सोडली. तेव्हापासनं चार-साडेचार वाजले की चौघींचीही डोकी चढायला लागतात. एकीला दोनदा उलटी झाली. डॉक्टरकडं नेलं, त्यांनी बोटाला चिमटा लावला, ९८ आलं, म्हणाले ऑक्सिजन झकास आहे, पित्त असेल, उपाशी राहू नका. मालकानं तरी आपलं मोठा एक्झॉस्ट फॅन आणून बसवला. तर बायका म्हणतात, फॅन लावल्यापासनं जास्तच दुखतंय. आमच्यात सगळे म्हणाले नाटकं आहेत, फॅननं डोकं कसं दुखंल?

तेलाचा खमंग-करपट वास असतोच, त्याची सवय झालीय. त्याच्याशिवाय गॅसचा असा वास काही नाही. पण कुणीतरी म्हणालं सीओ असंल, मीटर घ्या. ऑनलाइन बघितलं तर घरात लावायचे स्वस्तात मिळतात. तो घेऊ का? एकजण म्हणतो जमिनीलगत लावायचा, एलपीजीसारखा खाली बसतो. दुसरा म्हणतो छताला. आणि किती आकडा आला म्हणजे घाबरायचं? मास्क दिले तर भागंल का?

उद्यमनगरी

भावा, आमच्यात वर्षानुवर्षं गूळ-शेंगदाणे देतात दुपारच्याला. गुळानं धूर छातीत बसत नाही. बायकांना ओला रुमाल बांधायला सांग तोंडाला. मीटर-बिटर ऑडिटवाल्यांसाठी असतंय.

निवृत्त_गॅसमॅन

मीटरचं नंतर बघू. आधी ताडपत्री काढा, हे वाचून झाल्याबरोबर. ओव्हन पेटता आहे तोवर त्या बायकांची टेबलं तिथून हलवा. बाहेर झाडाखाली मांडा, ऑफिसात मांडा, कुठंही.

माझी सगळी नोकरी एका स्टील प्लांटच्या गॅस विभागात गेली. ब्लास्ट फर्नेसच्या गॅसमधे साधारण पाव हिस्सा कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला नावालाही वास नाही, रंग नाही, घशाला खवखव नाही. तुमच्या पडवीत तेलाचा वास नाकाला झोंबतो म्हणून सगळं खापर त्याच्यावर फुटतं. त्रास देणारा दुसराच आहे.

तुमच्या ओव्हनच्या शेगडीत काय होतं ते बघा. कोकचा थर जाड असतो. तळाला हवा लागते, तिथं कोक पुरता जळून कार्बन डायऑक्साइड होतो. तो वर चढताना लालबुंद कोकमधून जातो आणि तिथं त्याचा मोनॉक्साइड होतो. थराच्या माथ्यावर निळ्या ज्योती नाचतात ना, तो हाच गॅस जळत असतो. ज्योत आहे तोवर त्यातल्या त्यात बरं. हेल्परनं वरून गार कोकचं घमेलं ओतलं की ज्योत विझते. खालचा कोक मात्र धगधगतच राहतो, आणि न जळलेला गॅस सरळ बाहेर पडतो. धूर दिसत नाही, त्यामुळं माणसाला वाटतं आज भट्टी काय स्वच्छ जळतेय!

आता तुमचा फॅन. बायका नाटक करत नाहीत. फॅन जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी कुठून तरी आत यावीच लागते. एका बाजूला ताडपत्री, दुसरीकडं थंडी म्हणून शटर अर्धं खाली, मग हवेला आत यायला सोयीचं भोक कुठलं उरलं? ओव्हनची चिमणी. फॅन चिमणीतूनच हवा ओढतो, चिमणी उलटी चालते, आणि जो गॅस वर जायचा तो ओव्हनच्या दाराच्या फटीतून टेबलावर येतो. खात्री करायची असेल तर बायका तिथं नसताना फॅन चालू ठेवून दाराच्या फटीपाशी उदबत्ती धरा. धूर ओव्हनच्या आत ओढला गेला पाहिजे. तो तुमच्या तोंडावर आला की समजा. फॅन लावायचाच तर आधी हवा आत यायची वाट मोठी करा, आणि ती वाट माणसांच्या पाठीमागून यायला हवी, म्हणजे ताजी हवा आधी त्यांच्याकडे आणि मग ओव्हनकडे जाईल.

खाली की वर: एलपीजी हवेपेक्षा चांगलाच जड, म्हणून तो जमिनीला बसतो. सीओचा रेणुभार २८, हवेचा सरासरी २९. म्हणजे तो हवेत मिसळून हवा नेईल तिकडं जातो. गरम असला तर पत्र्याखाली साचतो, गार झाला की खाली उतरतो. म्हणून भिंतीचा प्रश्नच नको. मीटर माणसाच्या कॉलरला, नाकापासून वीतभराच्या आत. भिंतीवरचा मीटर भिंत काय श्वास घेते ते सांगतो.

घरगुती अलार्म घेऊ नका. ते उगाच ओरडू नयेत म्हणून मुद्दाम उशिरा वाजतील असे बनवतात. अमेरिकेच्या यूएल २०३४ मानकात ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) अलार्म एक ते चार तासांच्या दरम्यान वाजला तरी तो पास. तोवर त्या बायकांची शिफ्ट संपत येईल. तुम्हाला हवा तो अंगावर अडकवायचा एका गॅसचा मीटर, इलेक्ट्रोकेमिकल सेन्सरचा, ज्यात आत्ताचा आकडा, आठ तासांची सरासरी, पंधरा मिनिटांची सरासरी आणि दिवसभरातला सगळ्यात मोठा आकडा असं सगळं दिसतं. बऱ्याच मीटरांत पहिला अलार्म ३५ ला आणि दुसरा २०० ला लावूनच येतो. पहिला वाजला की कारण शोधायचं, दुसरा वाजला की काही न शोधता बाहेर पडायचं.

आकडे विचारलेत. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या दुसऱ्या अनुसूचीत आठ तासांच्या सरासरीला ५० पीपीएम आणि पंधरा मिनिटांसाठी ४०० होता. अमेरिकेतली एसीजीआयएच ही तज्ज्ञांची संस्था आठ तासांना २५ च सुचवते. १२०० हा जिवाला तातडीचा धोका मानतात. माझं मत विचाराल तर २५ धरून चाला. ४०० वाचून कुणी निवांत बसू नये, तो आकडा पंधरा मिनिटांच्या नडीसाठी आहे, नोकरी करायला नाही.

मीटर घेतल्यावर लोक काय घोळ घालतात तेही सांगतो, कारण इथंच सगळं बिघडतं. बटन दाबून "टीं टीं" वाजवतात आणि म्हणतात चालू आहे. त्यानं भोंगा तपासला, सेन्सर नाही. सेन्सर तपासायचा तर सकाळी कामाला लागायच्या आधी बाटलीतला ठराविक गॅस, बहुधा १०० पीपीएमचा, त्याच्या तोंडाशी सोडायचा आणि आकडा चढून अलार्म होतो का बघायचं. याला बंप टेस्ट म्हणतात, मिनिटभराचं काम. दुसरं, मीटर शून्यावर आणतात तो शेडमधेच. शेडमधे तेव्हा ३० पीपीएम असेल तर तुमचा मीटर त्या ३० लाच शून्य म्हणायला लागतो, पुढं दिवसभर सगळे आकडे तेवढे कमी. गेटबाहेर, मोकळ्यावर, ट्रक उभा नसेल तिथं शून्य करा. आणि सेन्सर दोन-तीन वर्षांत थकतो. कपाटात ठेवला तरी थकतो.

एक बारीक गोष्ट. पोरिंगच्या वेळी ओल्या वाळूतल्या पाण्यावर लोखंडाचा रस पडला की हायड्रोजनही निघतो आणि साधा सीओ सेन्सर हायड्रोजनलाही थोडा फसतो. त्यामुळं मोल्डिंग बाजूचा आकडा जरा फुगलेला असू शकतो. हायड्रोजनची भरपाई करणारे सेन्सर मिळतात. पण "हायड्रोजन असेल" म्हणून अलार्म बंद करणारे पाहिलेत मी, त्यांच्यातले होऊ नका.

गूळ जरूर खावा, कोल्हापूरचा असेल तर जास्तच. पण हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा मोनॉक्साइडची ओढ दोनशेपटीहून जास्त. तो गुळानं सुटत नाही. ओला रुमाल, धुळीचा मास्क, कोळशाचं काडतूस लावलेला मास्क, कशातूनही हा गॅस आरामात जातो.

आणि कुणी आडवं पडलेलं दिसलं तर धावत आत जायचं नाही, हे सगळ्यांना बजावून ठेवा. १२ जून २०१४ ला भिलाईच्या स्टील प्लांटमधे पाण्याचा दाब गेला, फर्नेसचा गॅस पाण्याच्या लाइनमधून उलटा पंप हाउसमधे शिरला आणि सहाजण गेले. त्यात दोन डीजीएम, म्हणजे उपमहाव्यवस्थापक, होते. म्हणजे अनुभव नव्हता, माहिती नव्हती, असं म्हणायला जागा नाही. तुमच्या शेडमधे तेवढा गॅस नाही, पण सवय आत्ताच लागायला हवी: आधी आरडाओरडा, शटर वर, ओव्हनपासून लांब, आणि दुसरा माणूस बाहेर उभा असल्याशिवाय पहिल्यानं आत पाऊल टाकायचं नाही.

कामगार_डॉक्टर

मी कारखान्यांतल्या आरोग्य तपासण्या करते, म्हणून बोटाच्या चिमट्याबद्दल लिहिते. साधा पल्स ऑक्सिमीटर रक्ताचा रंग बघतो. मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवाल्यासारखंच लालभडक दिसतं. त्यामुळे माणूस गुदमरत असतानाही ९८ येऊ शकतो. तिथे डॉक्टरांनी पित्त म्हटलं यात नवल नाही. रुग्ण कोकच्या ओव्हनसमोर बसते हे त्यांना कुणी सांगितलं होतं का? पुढच्या वेळी कागदावर लिहून द्या.

खरी तपासणी म्हणजे रक्तातलं कार्बॉक्सिहिमोग्लोबिन (तेच मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन), ते मोजणारं को-ऑक्सिमीटर मशीन असलेल्या लॅबमध्ये. नमुना कामाची शिफ्ट संपताच घ्यायचा आणि ऑक्सिजन लावण्याआधी. साध्या हवेत श्वास घेत राहिलं तर चार-पाच तासांत ते निम्मं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं तर रिपोर्ट नॉर्मल येणार आणि पुन्हा सगळे म्हणणार नाटक. शुद्ध ऑक्सिजन लावला तर तासा-दीड तासात निम्मं, म्हणून उलटी-गुंगी असलेल्या माणसाला "जरा पडून राहा" म्हणू नका, ऑक्सिजन असलेल्या ठिकाणी हलवा.

अहवाल वाचताना सवयी विचारा. विडी-सिगारेट न ओढणाऱ्याचं प्रमाण २ टक्क्यांच्या आत असतं, ओढणाऱ्याचं सहज ५ च्या पुढे. या बायका पहाटे घरी चुलीवर स्वयंपाक करतात का, तेही विचारा. मग थोडा भार घरूनच येतो. पण सर्वांत सोपी कसोटी मीटरशिवायची आहे. सुट्टीच्या दिवशी डोकं दुखतं का? चौघींचं एकाच वेळी दुखतं का? पित्त चौघींना एकाच घटकेला होत नाही.

त्यांच्यात कुणी गरोदर आहे का, हे कृपा करून एखाद्या बाईमार्फत आजच विचारून घ्या. बाळाच्या रक्तात हा गॅस आईपेक्षा जास्त साठतो आणि सावकाश उतरतो. ज्याला छातीत दुखण्याचा त्रास आहे असा माणूसही तिथे नको. जिला दोनदा उलटी झाली तिच्याकडे पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा. विसरभोळेपणा, चिडचिड, तोल जाणं असं काही दिसलं तर न्यूरॉलॉजिस्टकडे. हे उशिरा दिसू शकतं.

कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा कायद्यातल्या कळवायच्या रोगांच्या यादीत आहे. म्हणजे निदान झालं तर कळवण्याची जबाबदारी व्यवस्थापनाची आणि डॉक्टरचीही. मालकांना हे गोड शब्दांत सांगा.

जाता जाता: पॅटर्नचा (साचा बनवायच्या नमुन्याचा) रंग काढायला कुणी मेथिलीन क्लोराइडचं पेंट रिमूव्हर वापरतं का? ते शरीरात गेल्यावर यकृत त्याचं मोनॉक्साइड करतं. मीटर शून्य दाखवतो आणि रक्तात मात्र सापडतो.

खाणवाला_चंद्रपूर

भाऊ, मास्कचं विचारलं म्हणून लिहितो. आम्ही भूमिगत खाणीत कमरेला सेल्फ रेस्क्यूअर लावून उतरायचो. त्यात हॉपकॅलाइट असते, मँगनीज डायऑक्साइड अन् कॉपर ऑक्साइडचे दाणे, ते सीओचा कार्बन डायऑक्साइड करते. पण ते पळायसाठी असते, काम करायसाठी नाही. गॅस जास्त असला की तोंडात येणारी हवा इतकी तापते की ओढवत नाही, अन् नवीन माणूस बावरून काढून फेकते. शिवाय हवेत ऑक्सिजनच कमी असला तर त्याचा काही उपयोग नाही. म्हणून आता ऑक्सिजन तयार करणारे आले. तुमच्या कोअर शॉपात असलं काही घेऊन ठेवू नका, बाया दिवसभर थोडीच घालून बसणार.

दुसरं, आम्ही नुसता आकडा नाही पाहत, तो चढते का ते पाहतो. बंद केलेल्या पॅनलमधून (खाणीच्या भागातून) हवेचा नमुना घ्यायचा, किती ऑक्सिजन घटला अन् त्याच्या मानानं सीओ किती वाढला याचं गुणोत्तर काढायचं. ग्रॅहमचं गुणोत्तर म्हणतात त्याले. अर्ध्या टक्क्याच्या आत असलं तर ठीक, एकाच्या वर गेलं की आत कोळसा तापून राहिला, तीनच्या वर म्हणजे आग. तुम्हाले गुणोत्तर नको, पण वहीत वेळ अन् आकडा लिहून ठेवा. "कोक टाकला ११:२०", "शटर खाली २:१०", असं बाजूला लिहिलं की गुन्हेगार आपोआप सापडते.

शिरोलीचा_फौंड्रीवाला

सगळ्यांचे आभार. ताडपत्री त्याच दिवशी काढली, टेबलं पॅटर्न स्टोअरच्या व्हरांड्यात नेली. शेजारच्या मोठ्या फौंड्रीतनं मीटर मागून आणला, गेटबाहेर शून्य केला. बायका नव्हत्या तेव्हाच पडवीत प्रयोग केला: मुद्दाम परत ताडपत्री सोडली, मीटर बांबूला बांधून रिकाम्या टेबलावर बसल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर धरला आणि आम्ही बाहेर उभे राहिलो.

ओव्हन नुसता पेटता असताना ४०-५०. कोकचं घमेलं ओतल्यावर थोड्या वेळात १४० च्या वर. मग फॅन लावला. मालक शेजारी उभे होते. आकडा उतरायच्या ऐवजी चढत चढत २१० ला गेला आणि दुसरा अलार्म वाजला. उदबत्ती धरली तर धूर दारातनं बाहेर. ताडपत्री वर केली, शटर पूर्ण उघडलं, फॅन तसाच चालू; हळूहळू ३० च्या खाली आला. मालक काही बोलले नाहीत, पण फॅनवाल्याला फोन लावून शिव्या घातल्या. त्याची काय चूक, भिंतीत भोक आपणच पाडून दिलं होतं.

डॉक्टर ताई, सुट्टीच्या दिवशी चौघींचंही दुखत नाही. तिघी घरी गॅसवरच करतात, एकीकडं चूल आहे. गरोदर कुणी नाही, आमच्या हिशेब बघणाऱ्या वहिनींनी विचारलं. जिला उलट्या झालेल्या तिला परत दाखवलं, ह्यावेळी चिठ्ठी लिहून दिली. रक्ताचं इथल्या लॅबला मशीन नव्हतं, पण आता टेबलं हलवल्यावर कुणाचं डोकं दुखत नाही.

आता नवीन प्रश्न. मीटर हातात होता म्हणून हीटच्या दिवशी क्युपोलाच्या चार्जिंग प्लॅटफॉर्मवर (भट्टीत वरून माल टाकायच्या माळ्यावर) चढलो. वारा फिरला की एकदम ३०० च्या वर जातो. आणि मधेच लाइट गेली, ब्लोअर बंद पडला, तर खाली ब्लोअरपाशीसुद्धा मीटर वाजायला लागला. तिथं कसा गॅस?

निवृत्त_गॅसमॅन

हा प्रश्न कोअर ओव्हनपेक्षा मोठा आहे. ब्लोअर चालू असतो तोवर हवा आत ढकलली जाते. तो बंद पडला की आत लालभडक कोक तसाच, हवेचा दाब शून्य, आणि गॅस ट्युयरमधून (भट्टीत हवा जायच्या तोंडांतून) उलटा विंड बॉक्समधे (भट्टीभोवतीच्या हवेच्या पेटीत) आणि तिथून पाइपनं ब्लोअरपर्यंत येतो. तुमचा मीटर तिथं वाजला तो याचमुळं. हा गॅस हवेत साडेबारा टक्क्यांपासून पेट घेतो. विंड बॉक्स त्यानं भरलेला असताना लाइट आली आणि कुणी सरळ बटन दाबलं तर पाइप फाटतो.

म्हणून लाइट गेली की सगळ्यात आधी ट्युयरची झाकणं उघडायची, एकानं, पळत. ब्लोअरच्या पाइपवरची गेट बंद करायची. परत चालू करताना एक-दोन झाकणं उघडी ठेवून ब्लोअर लावायचा, विंड बॉक्समधला गॅस बाहेर जाऊ द्यायचा, मग झाकणं बंद. झाकणं उघडणाऱ्याच्या कॉलरला मीटर हवा आणि त्यानं वाऱ्याच्या बाजूला उभं राहायचं. हे काम कुणाचं, ते नावानिशी ठरवून ठेवा, "कुणीतरी करेल" असं नको.

प्लॅटफॉर्मवर एकटा माणूस ठेवू नका. चार्ज टाकला की खाली यायचं, दारातून डोकावून "किती बसलं" बघत थांबायचं नाही. चक्कर आली तर तिथून पडण्याची उंची किती आहे बघा. हीटच्या दुसऱ्या दिवशी अस्तर दुरुस्त करायला माणूस आत शिरतो, त्याच्या आधी मीटर दोरीला बांधून आत सोडा, ऑक्सिजनही मोजणारा मिळाला तर तोच घ्या.

मीटर विकत घेताना कॅलिब्रेशन गॅसची बाटली, रेग्युलेटर आणि मीटरच्या तोंडावर बसवायची टोपी कोटेशनमधेच धरा. नंतर मागितली की परचेसवाला विसरतो आणि मीटर टेबलाच्या खणात पडून राहतो.

शिरोलीचा_फौंड्रीवाला

दोन मीटरचं कोटेशन मागवलंय, बाटलीसकट. एक कोअर शॉपला, एक प्लॅटफॉर्मला. झाकणं उघडायचं काम ब्लोअर ऑपरेटरला नेमून दिलं, तो म्हणतो झाकणाचे नट गंजलेत, पळत काय, चालतसुद्धा उघडणार नाहीत. उद्या वेल्डर बोलावलाय, नटाच्या जागी खिट्टी लावून घेतो. ओव्हन एलपीजीवर नेऊ का म्हणून मालक विचारतायत, त्यात हे सगळं मिटतं का?

निवृत्त_गॅसमॅन

कमी होतं, मिटत नाही. बर्नरला हवा कमी पडली, ज्योत पिवळी लांबट झाली, की एलपीजीही सीओ काढतो. चिमणी आणि हवेची वाट तेव्हाही लागणारच. चिमणीचा व्यास आणि पत्र्यावर ती किती उंच काढलीय ते कळवा, आणि शेजारची शेड तिच्यापेक्षा उंच आहे का तेही.

शिरोलीचा_फौंड्रीवाला

शेजारची शेड उंच आहे. मोजून टाकतो.